नागपूरची तिजोरी : चुंगी, पेन्शन आणि मारबत

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता, दत्तकाला इंग्रजांची मान्यता नव्हती, आणि लॉर्ड डलहौसीला एवढे निमित्त पुरेसे होते. पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. राजवाड्यातले हत्ती, उंट, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले आणि मातीमोल गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीकडे विक्रीला रवाना झाले. या विक्रीतून ‘भोसला फंड’ उभा राहिला आणि त्यातून राण्यांच्या व आप्तेष्टांच्या निर्वाहाची सोय लावली गेली. घरचेच दागिने मोडायचे आणि आलेला पैसा सरकारी मेहेरबानी म्हणून घरच्यांच्याच हातावर ठेवायचा, असा हा व्यवहार. नागपुरात इंग्रजी अमलातले पेन्शन सुरू झाले ते असे.

अर्थात ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नव्हे. त्याआधी शंभर वर्षे पहिल्या रघूजींनी तेच केले होते. देवगडच्या गोंड गादीतल्या भाऊबंदकीत मध्यस्थ म्हणून ते आले आणि सत्ताधीश होऊन बसले. पण बुऱ्हाणशहाची राजा ही पदवी त्यांनी काढून घेतली नाही. त्याला नागपुरात किल्ला दिला, नेमणूक बांधून दिली आणि कारभारापासून दूर ठेवले. पुढे इंग्रजांनी ही नेमणूक चालू ठेवली. म्हणजे १८५४ नंतर एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर, दोन राजघराणी सरकारी तनख्यावर जगत होती. त्यातल्या एकाला तनख्यावर बसवणारे दुसरेच होते! मान द्यायचा, पैसाही द्यायचा, पण हिशेबाच्या वहीला हात लावू द्यायचा नाही, या रीतीत हे शहर फार लवकर मुरले.

या पेन्शनर राजघराण्यातली सर्वांत गाजलेली व्यक्ती म्हणजे बाकाबाई, दुसऱ्या रघूजींची विधवा. १८५७ च्या जूनमध्ये नागपुरातल्या घोडदळात बंडाची जुळवाजुळव झाली, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या या बाईने आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. शहर शांत राहिले. इंग्रजांनी घराण्याच्या निष्ठेची कदर केली आणि घराण्याच्या दत्तक जानोजींना ‘राजाबहादूर ऑफ देऊर’ हा किताब मिळाला. नागपूरच्या गल्ल्यांनी मात्र ही गोष्ट आपल्या पद्धतीने लक्षात ठेवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. काळी मारबत म्हणजे बाकाबाईच, असे लोक सांगत आले. दंतकथाच ती. राज्य गमावलेल्या घरातली एक म्हातारी आपल्या माणसांची भाकरी वाचवू पाहत होती, हेही तितकेच खरे. पण मिरवणुकीला इतके बारकावे परवडत नाहीत. इडा-पिडा, रोगराई तिच्यासोबत शहराबाहेर घालवायची आणि तिला जाळायचे.

मारबतीबरोबर बडगे निघतात. कागद, बांबू, गवत, जुने कपडे यांचे हे पुतळे, आणि प्रत्येकाच्या गळ्यात त्या वर्षीच्या रागाची पाटी : महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, पाणी, कर. नागपुरात नागरिकांच्या सहभागाची सगळ्यात जुनी, अखंड चालू असलेली आणि कोणत्याही कायद्याने न घडवलेली सभा कोणती, असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल. फक्त या सभेत ठराव होत नाही.

नगरपालिका आली ती १८६४ साली. त्याआधी तीन वर्षे मध्य प्रांत तयार होऊन नागपूर त्याची राजधानी झाले होते. शहराचे क्षेत्र तेव्हा साडेपंधरा चौरस किलोमीटर होते, वस्ती सुमारे ८२ हजारांची. काम ठरले तीन गोष्टींचे : झाडलोट, दिवाबत्ती, पाणी. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून आहे.

भोसल्यांच्या काळात पांढरी नावाचा कर होता. शेती न करणारे विणकर, व्यापारी, कारागीर तो देत. असे कर पेठेवर ठोक लागायचे आणि शेटे-महाजन किंवा जातीचे पंच ऐपतीप्रमाणे घराघरावर त्यांची वाटणी करायचे, ही मराठी अमलातली सर्वसाधारण रीत. अन्याय त्यातही होताच, पण शेजाऱ्यावर किती बसला आणि आपल्यावर किती, हे प्रत्येकाला ठाऊक असे; भांडण समोरासमोर होई. इंग्रजांनी पांढरीला हात लावला नाही. उलट १८६७ साली त्यासाठी वेगळा कायदाच केला. पण तो पैसा प्रांताच्या तिजोरीत जाणारा. नगरपालिकेने आपल्यासाठी निवडली ती जकात. नागपूरच्या बोलीत चुंगी.

गंमत अशी की शहराच्या वेशीवर माल अडवून पैसे घेण्याची पद्धत व्यापाराला मारक आहे, म्हणून कंपनी सरकारने १८३० च्या दशकात ती आपल्या मुलखात बंद करत आणली होती. नगरपालिका निघाल्या आणि ती मागच्या दाराने परत आली. कारण अगदी साधे होते. घरपट्टी मागायला गेले की घरमालक दारात उभा राहतो, अर्ज करतो, ओळखीच्या माणसाकडे जातो. चुंगी भरतो तो बाहेरचा गाडीवान. धान्य, तूप, साखर, कापड, सरपण यांच्यावर त्याने भरलेला पैसा दुकानदार भावात मिसळतो आणि शेवटी तो इतवारीत सामान घ्यायला आलेल्या बाईच्या कनवटीतून जातो. पण तिच्या हातात कराची पावती कधीच पडत नाही. आपण कर देतो हे तिला ठाऊक नसते, आणि म्हणून त्या कराचे काय झाले हे विचारण्याचे तिला कारणही नसते.

नागपूरच्या पुढच्या दीडशे वर्षांच्या नगरकारभाराची गोम या एका व्यवस्थेत आहे. तिजोरीत पैसा टाकणारा एक, आणि पालिकेत बसून तो खर्च करणारा दुसराच. १८८२ साली लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, पोलिसांच्या खर्चाचे ओझे नगरपालिकांवरून उतरवण्याचे ठरले, निवडून आलेले सभासद वाढले. गंगाधरराव चिटणवीसांसारखी वजनदार माणसे अध्यक्षपदी आली. पण मत होते मिळकतवाल्याला, शिकलेल्याला. चुंगीचा भार जिच्यावर पडे त्या बाईला नव्हते, आणि तिच्या नवऱ्यालाही बहुधा नव्हते. सगळ्या प्रौढांना मत देऊन नगरपालिका निवडायला स्वराज्य यावे लागले.

१९१५ च्या सुमारास एक विलक्षण माणूस नागपुरात येऊन गेला. पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झालेला. त्याने नगरपालिकेला नागपूरच्या नगररचनेवर अहवाल लिहून दिला. त्या काळी शहर सुधारायचे म्हणजे जुन्या वस्तीतून सरळसोट रुंद रस्ता काढायचा, घरे पाडायची आणि कर्ज फेडत बसायचे. गेडिसचे म्हणणे उलटे होते. आधी गल्लीबोळातून पायी हिंडा, कोणते घर पडके आहे, कोणती विहीर चालू आहे ते पाहा, दोन-चार पडकी घरे काढून तिथे चौक करा, झाड लावा, बाकीच्यांना राहू द्या. यात पैसा वाचतो हा मुद्दा तो हटकून मांडे, कारण हिंदुस्थानातल्या नगरपालिकांच्या खिशात किती आहे हे त्याने पाहिले होते. १९१७ साली होळकरांच्या इंदुरात त्याने दिवाळीची मिरवणूकच प्लेगविरुद्ध वळवली. जो रस्ता सर्वांत स्वच्छ होईल तिथून मिरवणूक जाणार, असे जाहीर केले आणि लोक झाडू घेऊन बाहेर पडले. शेवटी प्लेगच्या उंदराचा पुतळा जाळला. मारबतीच्या गावाला हा प्रयोग चपखल बसला असता. नागपूरने त्याचा अहवाल घेतला आणि १९३६ साली कायदा होऊन वेगळीच संस्था जन्माला आली : नागपूर सुधार प्रन्यास. लेआउट पाडणारी, भूखंड विकणारी, आणि मतदारांनी न निवडलेली. तेव्हापासून नागपूरच्या माणसाला एका घरासाठी दोन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. प्रन्यास बरखास्त करण्याचे निर्णयही झाले, आणि तो पुन्हा उभाही राहिला.

पेन्शनची गोष्ट दरम्यान भलतीकडेच पुढे गेली होती. १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे व्हिक्टोरिया सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता, रेल्वेतून आलेले. गिरणीची मोठी डोकेदुखी होती गैरहजेरी. माणूस महिन्यातले काही दिवस यायचा, हातात चार पैसे आले की गावी नाहीतर घरी. दंड करून फरक पडेना. तेव्हा टाटा-मेहतांनी दुसरा रस्ता धरला : हवा खेळती ठेवणारी यंत्रे, बक्षिसे, आणि १८८६ साली पेन्शन फंड. १८९५ पासून अपघाताची भरपाई, १९०१ पासून प्रॉव्हिडंट फंड. जगातले पहिले सरकारी वृद्धापकाळ पेन्शन म्हणून बिस्मार्कच्या जर्मनीचे नाव घेतात. त्याचा कायदा १८८९ चा. नागपूरच्या तलावाकाठची गिरणी त्याच्या तीन वर्षे आधीची. तुलना बरोबरीची नाही, कारण एका मालकाचा फंड वेगळा आणि देशाचा कायदा वेगळा. तरीही राजे-राण्या आणि सरकारी नोकर सोडून हातमजुरी करणाऱ्या माणसाच्या म्हातारपणाचा विचार या शहरात इतक्या लवकर झाला, हे नागपूरकरांनाही फारसे ठाऊक नसते.

मालकाच्या मर्जीतून आलेली ही सोय मालकाबरोबरच गेली. गिरणी १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये बंद पडली. जागेवर मॉल आणि उंच इमारती आहेत. कामगारांच्या हाती राहिले ते भविष्य निर्वाह निधीचे १९९५ च्या योजनेतले पेन्शन. त्याची किमान रक्कम २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे.

मार्च १९५१ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. बॅरिस्टर शेषराव वानखेडे पहिले महापौर, जी. जी. देसाई पहिले आयुक्त. हेच वानखेडे पुढे राज्याचे अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या क्रिकेट मैदानाला त्यांचे नाव लागले. १९५६ मध्ये राजधानीपण गेले, १९६० पासून डिसेंबरातल्या अधिवेशनापुरते परत येऊ लागले. शहर वाढले, चुंगीचे नाके शहराच्या कडेला सरकत वाडी, पारडीपर्यंत गेले. रात्रभर ट्रकांच्या रांगा, केबिनमधून उतरून बिल्टी घेऊन खिडकीशी जाणारा क्लीनर, मालाची किंमत खरी की पाडून लिहिलेली यावरची हुज्जत, शहरातून नुसता पुढे जाणाऱ्या मालासाठी वेगळा पास. या खिडकीतून रोज रोकड यायची. महापालिकेला आवडायची ती यासाठी : महागाई वाढली की जकात आपोआप वाढे, आणि तिच्यासाठी कोणा मतदाराला दुखवावे लागत नसे.

या भरवशावर पगार वाढले आणि पेन्शनही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात ठरवले की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या नोकरीचा हक्क आहे. घटनापीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. बाकाबाईच्या काळची नेमणूक आणि हा हक्क यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण एक गोष्ट कायम राहिली. हक्क देणारे एक, पैसे मोजणारे दुसरे. वेतन आयोग केंद्रात बसतो, राज्य तो लागू करते, आणि थकबाकी कुठून द्यायची हा प्रश्न येऊन पडतो सिव्हिल लाइन्समधल्या महापालिकेच्या टेबलावर.

जकात १ एप्रिल २०१३ ला गेली आणि स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बाजार बंद ठेवले. १ ऑगस्ट २०१५ पासून तो ५० कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांपुरता उरला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीने तोही संपवला. बदल्यात राज्य सरकार दरमहा भरपाई देते. २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरून दरवर्षी ८ टक्के वाढ, असे कायदा सांगतो. पण ते पाया-वर्षच नेमके कर अर्धामुर्धा झाल्यानंतरचे! एके काळी वाडी नाक्यावर रोज येणारा पैसा आता मुंबईहून महिन्याला येतो, आणि त्याची वाट पाहणाऱ्यांत आस्थापना विभागाइतकेच सेवानिवृत्त शिक्षक आणि सफाई कामगारही असतात.

सफाई कामगारांत नागपूरचा एक खास वर्ग आहे : ऐवजदार. कायम कामगार आला नाही तर त्याच्या ऐवजी ज्याला लावायचे तो. नावाने बदली, प्रत्यक्षात पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे रोज सकाळी तोच झाडू, तीच गल्ली. वीस वर्षे भरलेल्यांना कायम करण्याचा निर्णय २०१९-२० च्या सुमारास मार्गी लागला आणि चार हजारांहून अधिक माणसांचा प्रश्न सुटला. म्हणजे, अर्धा सुटला. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे नेमणूक झालेल्याला जुने, म्हणजे शेवटच्या पगारावर बेतलेले, पेन्शन नाही. समजा एखादी बाई १९९५ पासून ऐवजदार म्हणून झाडते आहे. कागदावर तिची नेमणूक २०२० ची. तिच्या आधीच्या पंचवीस वर्षांना पेन्शनच्या हिशेबात जागा नाही. शहर स्वच्छ ठेवणे हे १८६४ साली पालिकेला नेमून दिलेले पहिले काम. ते काम करणाऱ्याची ही गत.

जुन्या पेन्शनचा वादही राज्यभर पेटला तो नागपुरातच. २१ डिसेंबर २०२२ रोजी हिवाळी अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी सांगितले की जुनी योजना आणली तर राज्यावर एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल. लगोलग कर्मचाऱ्यांचा प्रचंड मोर्चा विधान भवनाकडे निघाला, आणि मार्च २०२३ मध्ये राज्यभर सात दिवसांचा संप झाला. दोन्ही बाजू आकडे घेऊन बोलत होत्या. या सगळ्यात ज्याच्या करातून हे द्यायचे तो नागरिक कुठे होता? मोर्चामुळे वाहतूक कशी खोळंबली, एवढेच तो बोलत होता.

नागरिकाला दोष देऊन मोकळे होता येत नाही, कारण त्याला बसायला जागाच ठेवलेली नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या. नागपुरात लक्ष्मीनगर ते मंगळवारी असे दहा झोन झाले, पण झोन म्हणजे दाखले आणि बिले यांची खिडकी. २००९ साली राज्याने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांनी एकत्र बसून कामे सुचवायची, ग्रामसभेसारखी. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर-नूतनीकरणाच्या योजनेतून निधी मिळवायला ती अट होती. निधी आला, सभा कागदावर राहिली. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत १९८९ पासून लोक वस्ती-वस्तीत बसून शहराच्या खर्चाचा क्रम लावू लागले, पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत पडली. नागपूरने पाण्यासाठी २००१ मध्ये ५० कोटींचे रोखे बाजारात विकले, या बाबतीत ते देशातल्या पहिल्या मोजक्या शहरांत होते. ते कर्ज कशासाठी आणि किती व्याजाने, यावर एखाद्या मोहल्ल्यात सभा झाल्याचे कोणी सांगत नाही.

या पोकळीत नागपूरकराने आपला मार्ग शोधला : कडक आयुक्त. २००० च्या आसपास टी. चंद्रशेखर यांनी रस्ते रुंद केले, तेव्हा शहराने त्यांना डोक्यावर घेतले. २०२० मध्ये तुकाराम मुंढे यांची सात-आठ महिन्यांत बदली झाली, तेव्हा लोक त्यांच्यासाठी रस्त्यावर आले. कामाबद्दलचे कौतुक योग्यच. पण आयुक्त बदलून जातो, आणि आपल्या वतीने कोणीतरी हिशेब घेईल ही सवय मागे राहते. ती सवय पुढे फार महागात पडली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जवळजवळ चार वर्षे सभागृहच नव्हते. पुढे पाच हजार कोटींच्या वर गेलेली अंदाजपत्रके प्रशासकानेच तयार केली आणि प्रशासकानेच मंजूर केली. एवढ्या काळात याच कारणासाठी मोठे आंदोलन झाले नाही.

१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि १५१ नगरसेवकांचे सभागृह परत आले. त्यांच्यापैकी चौघे, क्वचित तिघे, तुमच्या प्रभागातले आहेत. पुढची घरपट्टीची मागणी हातात पडली की त्यांच्यापैकी एकाला गाठा आणि तीन प्रश्न विचारा : जीएसटीच्या भरपाईतले पगार आणि पेन्शनला किती जाते, आपल्या गल्लीतल्या ऐवजदाराची किती वर्षे पेन्शनसाठी धरली, आणि २००९ च्या कायद्यातली आपली क्षेत्रसभा कधी भरणार.